बिनगमाची फरशी

२१ एप्रिल २०२५

म्हादेवा,

सापडलास बाबा एकदाचा. काल रवळू मडगावला कोबी उतरून आला आणि टेम्पो चालूच ठेवून दारातनं ओरडला, "आक्का, तुझा भाऊ सापडला. भाजीच्या गोदामात हमाली करतोय. जरा वाळलाय, पण बरा हाय." मी पिठाच्या हातानंच पायरीवर बसले. रडले न्हाई. बरं, थोडी रडले. तुझा फोन बंद झाल्यापासनं खानापूरला आईला सांगत आलेय की तू मोठ्या कामावर हाईस आणि तिथं रेंज न्हाई. त्यातलं निदान काम तरी खरं निघालं.

तू फोन चालू करणार न्हाईस, म्हणून हा कागद. रवळू रोज पहाटे भाजी घेऊन गोव्याला जातोय, त्याच्याकडं देते. त्याला सांगितलंय, वाचून होईपर्यंत समोरनं हलायचं न्हाई. शाळेत पोरांना शुद्धलेखन शिकवते, पण भावाला लिहिताना ते जमत न्हाई, चालवून घे.

आधी तब्येतीचं सांगते. आत्तींचा हात बरा हाय. प्लास्टर अजून निघालं न्हाई, पण मनगटाचं हाड जुळत आलंय म्हणाले डॉक्टर. आमच्या ह्या सासूबाईंचं बोलणं पयल्यापेक्षा वाढलंय, त्यावरनं तूच काय ते ओळख. एकच गोष्ट राहिलीय. हॉलमधनं जायचं झालं की भाताच्या पोत्यांना धरून धरून कडेनं जातात. मधनं पाऊल टाकत न्हाईत.

आता त्या दिवसाचं. तू अर्धंच ऐकून निघून गेलास म्हणून परत सगळं लिहिते. दिवाळीच्या आधी तू आमच्या जुन्या शहाबादीवर व्हिनाईलच्या पट्ट्या बसवल्यास. हौसेनं, बहिणीचं घर म्हणून. होळीपर्यंत फरशी बघायला गल्लीतल्या बायका येत होत्या. मग हॉलच्या मधोमध टेंगूळ आलं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आत्तींचा पाय त्यात अडकला आणि त्या पडल्या. आण्णाप्पा गवंड्यानं एक पट्टी उचकटून बघितली आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "खाली चिकटवायच्या गमचा थेंब न्हाई." आणि गमचे पैसे तूच खिशात घातलेस असं धरून तुझे दाजी सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "बहिणीच्या घरात गम खाल्लास व्हय रं?"

तू सांगत होतास की ह्या फरशीला गम लावायचाच नसतो, ही तरंगती फरशी असती, एका पट्टीत दुसरी अडकवायची आणि मोकळी सोडायची. पण घरात म्हातारी विव्हळत असताना तरंगती फरशी म्हटल्यावर कोण ऐकून घेणार? तू हत्यारांची पिशवी इथंच टाकून गेलास. ती माझ्या कपाटाखाली हाय. गल्लीत तुला आता बिनगमाचा म्हादेव म्हणतात. मला हे ऐकून राग येतोय, आणि तुला सांगितलं न्हाई तर दुसरं कोणतरी तिखटमीठ लावून सांगणार.

रवळू म्हणाला, तू मस्कतचा एजंट गाठलायस, मे संपता संपता जायचं म्हणतोस, तिथं पण हमालीलाच. जाऊ नको असं मी म्हणणार न्हाई, तू काय आता लहान न्हाईस. पण नावाला हा डाग घेऊन जाऊ नको. एकदा तसा गेलास की परत येणार न्हाईस, मी तुला ओळखते. मला शाळेची सुट्टी लागलीय. फरशी का फुगली ते मी शोधून काढते. तोवर कुठल्याच कागदावर सही करू नको.

आक्का

२९ एप्रिल

म्हादेवा,

रवळूनं तुझा निरोप सांगितला. तू उभ्या उभ्या वाचलंस, घडी करून खिशात टाकलंस आणि म्हणालास, "आक्काला सांग, माझंच चुकलं. पट्ट्यांची खोकी दोन दिवस घरात उघडी ठेवायची असतात, घरची हवा लागू द्यायची असती. मी गडबडीत त्याच दिवशी बसवल्या."

ऐकलं. रात्रभर पटलं पण. सकाळी मागच्या खोलीत केर काढताना हात थांबला. अरे शहाण्या, ह्या खोलीत पण तू त्याच दिवशी, त्याच खोक्यातल्या पट्ट्या बसवल्यास की. ही तर अजून सपाट हाय, गोटी ठेवली तर जागची हलत न्हाई. गोटी ठेवून बघितली मी. मग पट्ट्यांचा दोष असता तर त्या एका खोलीत शहाण्या आणि दुसऱ्या खोलीत वेड्या कशा निघाल्या?

तिथनं मी डोकं लावायला बसले. तुझ्या दाजींचा संशय गमवर, तो सोड. आण्णाप्पाचा संशय खालच्या ओलीवर. त्यानं उचकटलेल्या पट्टीखाली, शहाबादीवर मी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून चिकटवला. तूच मागं एकदा ही युक्ती सांगितलीतीस. दोन दिवसांनी काढला तर आतनं कोरडा ठणठणीत. खालची जमीन वरखाली हाय का म्हणून शाळेतली लांब पट्टी आडवी ठेवून बघितली, तिथं पण काही न्हाई.

माझा स्वतःचा संशय आत्तींच्या बादलीवर होता. तुला ठाऊकच हाय, रोज सकाळी हॉलात बादली ओतून खराट्यानं पाणी काढायची त्यांची सवय. तू त्यांना हात जोडून सांगितलंतंस की आत्ती, ही शहाबादी न्हाई, ओल्या फडक्यानं पुसा. पण हात प्लास्टरमधे गेल्यापासनं बादली बंद हाय आणि टेंगूळ जागच्या जागी. म्हणजे आत्ती सुटल्या. हे त्यांना कळवलं न्हाई, कारण संशय होता हेच कळवलं नव्हतं.

ऊन राहिलं. पश्चिमेच्या खिडकीवर चादर बांधली. दुपारी टेंगूळ चढतं, सकाळी बोटभर उतरतं, पण बसत न्हाई. उन्हाचा काहीतरी संबंध हाय हे नक्की. पण मागच्या खोलीत ह्यापेक्षा जास्त ऊन येतं आणि ती गप हाय.

भिंतीकडची जागा तेवढी बघायची राहिली. फरशीला फुगायला भिंतीपाशी बोटभर फट सोडतात आणि वरनं स्कर्टिंगची पट्टी लावून झाकतात, हे तू बसवतानाच दाखवलंतंस. फट सोडलीस हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण मागनं काय झालं कुणास ठाऊक, कारण तिथं आता भात हाय. तू टेंगूळ बघायला आलतास तेव्हा विचारलंतंस की न्हाई, जरा पोती सरकवूया का म्हणून? आत्ती म्हणाल्या, "रास एकदा लावली की हलवायची न्हाई." झालं. बहिणीच्या सासरी तू दुसऱ्यांदा तोंड उघडलं न्हाईस. मी पण न्हाई. ह्या घरात नवं भात पुढच्या खोलीत लावतात, हळदकुंकू वाहतात आणि मग वरनं एकेक पोतं संपेल तसंच खाली येतं. त्यात यंदा पीक इतकं आलं की एक भिंत पुरली न्हाई, दोन्ही भिंतींना छातीएवढ्या थप्प्या लागल्यात.

म्हणून अडलंय. पण तुझं चुकलं न्हाई एवढं मला कळायला लागलंय. जेवत जा जरा.

आक्का

७ मे

म्हादेवा,

बस आधी. बसलास? टेंगूळ गेलं.

गेलं म्हणजे गेलंच. कसं ते मला विचारू नको, मी आनंदानं अर्धी वेडी झालेय. झालं असं, की परवा भाताच्या थप्पीतनं खुडबुड आवाज यायला लागला. उंदीर. त्यानं खालच्या दोन पोत्यांना भोकं पाडलेली. आत्तींचा नेम आणि उंदराचे दात अशी गाठ पडली. आत्तींनी सांडलेलं भात मुठीत घेऊन बघितलं, मग म्हणाल्या, "नेम त्यानं मोडला, आपण न्हाई. काढा बाहेर, ऊन द्या." दाजींनी आणि दोन गड्यांनी दोन्ही भिंतींची पोती अंगणात नेली. मी स्कर्टिंग काढून उंदराची घाण झाडली. दुपारनंतर वळीव आला, पोत्यांवर ताडपत्री टाकायला सगळे धावलो, फरशीकडं बघायला वेळ कुणाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा कप घेऊन हॉलमधनं चालले आणि पडता पडता वाचले. पाय सवयीनं उंच उचलला आणि खाली टेकायला काही भेटेचना. टेंगूळ नव्हतंच. मी तिथंच उभी राहून हसत सुटले. दाजी उठून आले, अनवाणी त्या जागेवर चार येरझारा घातल्या, टाचेनं दाबलं, परत दाबलं. म्हणाले, "वळीव पडला, गारवा आला, म्हणून बसलं." आत्ती म्हणाल्या, देवीनं बसवलं. मी म्हटलं, कुणी का बसवेना.

इतक्या दिवसांत पयल्यांदा ह्या घरात सगळ्यांनी एका वेळी बसून नाष्टा केला. सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणारं विमान डोक्यावरनं गेलं तरी, रोज त्याच्या आवाजावर कुरकुरणारे दाजी आज त्यावर काही बोलले न्हाईत. तुझं नाव पण निघालं. "पोरगं वाईट न्हाई ते," असं म्हणाले. माफी न्हाई मागितली, पण त्या माणसाच्या तोंडातनं एवढं निघालं हे मला पुष्कळ वाटलं.

आत्ती मात्र अजून कडेनंच जातात. पोती नव्हती तर भिंत धरून गेल्या.

आक्का

१४ मे

म्हादेवा,

टेंगूळ परत आलं. पण थांब, हे वाईट पत्र न्हाई. हे सगळ्यात चांगलं पत्र हाय.

पोती वाळली, फाटलेली बदलली आणि शुक्रवारी वाजतगाजत परत दोन्ही भिंतींना लागली. आत्तींनी डाव्या हातानं हळदकुंकू वाहिलं. मग चांगली कडक उन्हं पडली आणि काल दुपारी बघते तर तेच टेंगूळ, त्याच जागी. दाजी म्हणाले, "बघ, ऊन पडलं आणि उठलं. खाली गम असता तर उठलं असतं का?" देवीचं नाव आत्तींनी ह्या वेळी घेतलं न्हाई.

मी खुर्ची घेऊन दारात बसले. टेंगळाकडं बघत बसले म्हणून दाजी मला हसले पण. बसल्या बसल्या उंदराची घाण झाडताना बघितलेलं आठवलं. दोन्ही भिंतींपाशी तू सोडलेली बोटभर फट जशीच्या तशी मोकळी होती. त्यात तू पट्ट्या कापतानाचं भुस्सं पण तसंच पडलेलं. म्हणजे फरशी त्या फटीकडं केसभर पण सरकली नव्हती. अरे, उन्हात वाढती तर मग ती गेली कुठं? जायला जागा सोडलेली, तर तिकडं का गेली न्हाई?

जाईल कशी? तिच्या दोन्ही कडांवर आमचं वर्षाचं भात बसलंय की! खाली गम न्हाई, म्हणून ती सगळी मिळून एकच सतरंजी हाय. सतरंजीच्या दोन्ही कडांवर दोन जाड माणसं बसवली आणि ती मधे वाढायला लागली, तर मधेच वर येणार. दुसरं काय करेल बिचारी. मागच्या खोलीत भात न्हाई, म्हणून ती गप हाय. पोती अंगणात गेली त्या रात्री ही मोकळी झाली आणि बसली. वळीवही नव्हता आणि देवीही नव्हती. माफ कर देवी.

दिवाळीच्या आधी तू बसवलीस तेव्हा घरात एक पोतं नव्हतं. सुगी नंतर झाली. जुन्या शहाबादीवर आजवर पोती लागत आली, तिला काही झालं न्हाई, म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं न्हाई. आणि ज्याच्या डोक्यात आलं, पोती सरकवा म्हणाला, त्याला आम्ही गप केलं.

म्हादेवा, तुझं काम चांगलं होतं. परत लिहिते, तुझं काम चांगलं होतं. मला इतकं हलकं वाटतंय की मी आज भाजीत मीठ दोनदा घातलं आणि दाजी काही न बोलता जेवले.

आता हे आत्तींना सांगायचंय. तेवढं अवघड हाय.

आक्का

१९ मे

म्हादेवा,

रवळू म्हणाला, पत्र वाचून तू कोबीच्या पोत्यावर बसलास, पयल्यांदा हसलास आणि मग विचारलंस, "मधल्या पट्ट्यांच्या कडा मोडल्या न्हाईत ना? आक्काला बघायला सांग." मला दुसरं काही नको होतं. तू फरशीचं विचारलंस. मस्कतला निघालेला माणूस कशाला विचारेल? बघितलं मी. तीन पट्ट्यांची अडकवायची कड मोडलीय. उरलेल्या पट्ट्यांचं एक खोकं माडीवर हाय, तू ठेवून गेलेलं. मी काही ते करायला जाणार न्हाई, ते तुझं काम हाय.

आता आत्तींचं. आधी दाजींना सांगितलं. ते स्वतः उठले, पोत्यांच्या मधनं बॅटरी मारून फट बघितली (स्कर्टिंग मी परत लावलंच नव्हतं), पोत्यांना हात लावून बघितला आणि दूध घालायला डेअरीला गेले. तिथं आण्णाप्पा आणि बाकीचे असतातच. रवळूनं मला मागनं सांगितलं, दाजी कॅन ठेवल्या ठेवल्या मोठ्यानं म्हणाले, "त्या फरशीला गम लावायचाच नसतोय, ठाऊक हाय काय कुणाला?" कुणालाच ठाऊक नव्हतं. आण्णाप्पा म्हणाला, मग मला तरी काय ठाऊक. विषय तिथं संपला. तुला बिनगमाचा म्हणाले होते तितक्या मोठ्यानं हे झालं, एवढं मी रवळूकडनं दोनदा वदवून घेतलं.

आत्तींना मी संध्याकाळी सांगितलं. प्लास्टर त्याच दिवशी निघालंतं, हाताला तेल चोळता चोळता सांगितलं. मला वाटलं भडकतील. त्यांच्या राशीला कुणी बोट लावलेलं त्यांना खपत न्हाई. त्या उठल्या, कडेकडेनं पोत्यांपाशी गेल्या आणि एका पोत्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या,

"सौम्या, म्हणजे मला माझ्याच भातानं पाडलं?"

"व्हय आत्ती."

"आणि शिव्या त्या पोरानं खाल्ल्या."

मी तेलाची वाटी झाकून ठेवली. 

"पोती सरकवूया का म्हणून विचारलंतं त्यानं मला," त्या म्हणाल्या. "मी न्हाई म्हटलं. माझ्या सासूनं मला न्हाई म्हटलं, मी त्याला. का ते मला पण ठाऊक न्हाई गं."

मग मला वाटलं आता म्हणतील हलवा. न्हाई. त्या म्हणाल्या, "रास हलवायची, मागं पडवीत न्यायची, शहाबादीवर. पण तो आल्याशिवाय एक पोतं हलायचं न्हाई. ज्याला बोललो त्याच्यासमोर हलू दे."

आता बघ म्हणजे. टेंगूळ तसंच हाय, आत्ती कडेनं चालतायत आणि सगळ्या घराचं भात तुझ्यावर अडलंय. एजंटाला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. खाली दाजींना दोन ओळी लिहायला लावल्यात. पेन धरून अर्धा तास बसले होते.

आक्का

महादेव, गम लावत नाहीत हे मला माहीत नव्हतं. मी चार माणसांत बोललो, ते चार माणसांत मागं घेतलंय. ये. — दाजी

२५ मे, दुपार

म्हादेवा,

हे पत्र रवळूकडं न्हाई, तुझ्या हत्यारांच्या पिशवीत टाकतेय. तू आत्ता हॉलमधे पालथा झोपलायस, जिथं टेंगूळ होतं बरोबर तिथंच, आणि घोरतोयस. तोंडावर बोलायला गेले तर मी आधी तुला चार शिव्या देईन, म्हणून लिहिते.

सकाळी रवळूच्या टेम्पोच्या पुढच्या सीटवरनं तू उतरलास तेव्हा मी दारात आलेच न्हाई. मला राग आलाय असं तुला वाटलं. राग न्हाई रं. ओट्यापाशी डोळे पुसत होते, तसं तुझ्यासमोर यायचं नव्हतं.

दाजी आणि तू मिळून पोती उचललीत, एका टोकाला ते आणि एका टोकाला तू. बोलणं फक्त "उचल" आणि "हळू". आत्तींनी तुला पाटावर बसवून पयल्या पोत्याला तुझ्या हातानं कुंकू लावायला लावलं तेव्हा दाजी खिडकीतनं बाहेर बघत होते. दुसऱ्या थप्पीचं शेवटचं पोतं उठलं आणि फरशी कुरकुरली. तू लगेच गुडघ्यावर बसून हात फिरवलास. तो चेहरा मी दिवाळीनंतर आज बघितला. मग पिशवी मागितलीस, रबरी हातोडा काढलास, तीन पट्ट्या बदलल्यास आणि स्कर्टिंग लावायच्या आधी दाजींना फट दाखवलीस. दाजींनी त्यात बोट घालून बघितलं.

आण्णाप्पा येऊन गेला. चप्पल काढून मधनं चालला, टाचेनं ठोकून बघितलं आणि म्हणाला, "बिनगमाची हाय, तरी बसलीय." त्याच्या मुलाच्या खोलीत असलीच करायचीय म्हणे. तुझा नंबर मागितला. मी म्हटलं, फोन बंद हाय, चालू केला की देते. तेव्हा चालू कर.

तू परसात जाऊन रवळूच्या फोनवरनं एजंटाशी बोललास ते माझ्या कानावर पडलं. बरं, मी ऐकायलाच आलते. "मस्कतचं राहू दे, इथं काम हाय," म्हणालास. मी परत आत गेले आणि उगीचच कुकर घासत बसले. संध्याकाळी आईला तूच फोन लाव. रेंज आली म्हणून सांग.

इथपर्यंत लिहिलं आणि मागच्या खोलीचं दार वाजलं म्हणून मान वर केली. आत्ती चादर घेऊन आल्या. तुला झोपलेलं बघून उंबऱ्यात थांबल्या. पोती न्हाईत, दोन्ही भिंती मोकळ्या. मला वाटलं, भिंत धरतील. त्यांनी चादर छातीशी धरली आणि सरळ मधनं, खाली न बघता, तुझ्यापर्यंत चालत आल्या.

आक्का